वाचनालयाचे महिन्याचे पत्रक



गावात वाचनालय असते. तिथे कार्यक्रमही होतात. कधी कुणाचे व्याख्यान, कधी पुस्तकांचे प्रदर्शन, कधी शाळकरी मुलांची वाचनाची स्पर्धा. पण घरच्या कारभारणीला विचारून पाहा, की मागच्या महिन्यात वाचनालयात काय झाले? बहुतेक घरांत एकच उत्तर येईल, "झाले म्हणे काही तरी." कार्यक्रमानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. अध्यक्ष कोण होते, पाहुणे कोण होते, आभार कोणी मानले, एवढे कळते. ती झाली बातमी. घरच्या माणसाला हवे असते ते बोलावणे, आणि तेही आधी. पाऊस पडून गेल्यावर कुणी हवामानाचा अंदाज सांगितला, तर पेरणीला त्याचा काय उपयोग?

म्हणून या वेळी एका साध्या कामाविषयी लिहीत आहे. ते म्हणजे गावच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात काय-काय होणार, त्याचे एका पानाचे पत्रक काढणे. काम लहान दिसते. पण वाचनालय कमिटीच्या चार माणसांचे राहते की साऱ्या गावाचे होते, हे पुष्कळ अंशी या एका पानावर ठरते.

आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. गावोगावची वाचनालये स्थानिक संस्था चालवतात आणि मान्यता मिळालेल्या वाचनालयाला शासनाचे अनुदान मिळते. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. खेड्यातली पुष्कळशी वाचनालये शेवटच्या वर्गातली. एक खोली, चार कपाटे, थोडी वर्तमानपत्रे आणि तुटपुंज्या मानधनावर काम करणारा एक ग्रंथपाल. त्याच्याकडून मोठाल्या अपेक्षा करणे बरोबर नाही. पण अनुदानाचा पैसा जनतेचा आहे, तेव्हा तिथे काय होते हे जनतेला आधी सांगणे हा उपकार नव्हे, तो हिशेब आहे. २०१२ साली राज्यातल्या ग्रंथालयांची महसूल खात्यामार्फत पडताळणी झाली, तेव्हा केवळ कागदावर चालणाऱ्या वाचनालयांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. त्याची झळ नेटाने चालणाऱ्या वाचनालयांच्या नावालाही लागली. ज्या वाचनालयाची बारा महिन्यांची बारा पत्रके गावाने वाचली आहेत, त्याला "हे चालते का?" असे कोण विचारील?

आपल्या मराठवाड्याला तर या कामाचे मोल अधिक कळायला हवे. निजामाच्या राजवटीत १९२९ साली गस्ती निशाण ५३ निघाली आणि जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी काढावी लागू लागली. चार माणसांनी एकत्र बसून काही ऐकायचे, बोलायचे, हीच गोष्ट संशयाची होती. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपली. आज "अमुक दिवशी, अमुक ठिकाणी या" असे भिंतीवर लिहायला कुणाची परवानगी नको. मग ती मोकळीक आपण वापरत का नाही?

आता कामाकडे वळू.

पहिली गोष्ट, एक जाड वही घ्या. दर महिन्याला दोन पाने तिच्यात राखून ठेवा. चालू महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुढच्या महिन्याचे जे जे कळेल ते तिच्यात टिपायचे. ग्रंथपालाला विचारा, शाळेच्या गुरुजींना विचारा, बचत गटाच्या ताईंना विचारा, कृषी सहायकांना विचारा. पंचवीस तारखेला पान लिहून तयार. तीस तारखेच्या आत ते गावभर लागलेले असावे. पहिल्या तारखेनंतर लागलेले पत्रक म्हणजे मृग कोरडा गेल्यावर आणलेले बियाणे. कामी येईल, पण अर्धेच.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कार्यक्रमाला सात प्रश्न विचारा. काय आहे? कोणत्या तारखेला आणि वारी? किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार? कुठे? कुणासाठी? पैसे लागतात की फुकट? आणि अडचण आली तर विचारायचे कुणाला? सातांपैकी एकाचेही उत्तर आले नसेल, तर तो कार्यक्रम पत्रकात घालू नका. त्याच्यासाठी खाली निराळी जागा ठेवा आणि तिथे लिहा, "ठरायचे आहे." पाहुण्यांनी "बघू, जमवू" म्हटले की आपली मंडळी लगेच नाव छापतात. "बघू" म्हणजे होकार नव्हे. पाहुणे येत नाहीत आणि बोल वाचनालयाला लागतो.

या सातांत सर्वांत जास्त विसरला जाणारा प्रश्न म्हणजे "किती वाजता संपणार?" सुरू होण्याची वेळ सगळे लिहितात. पण शेतकऱ्याच्या घरातली बाई आधी संपण्याची वेळ पाहते. धार काढायची असते, चूल पेटवायची असते, लहानगे कुणाच्या तरी हवाली करून यायचे असते. सून सासूला विचारते, "जाऊ का?" सासू विचारते, "येशील कधी?" पत्रकावर "दुपारी दोन ते साडेतीन" असे लिहिलेले असेल, तर सुनेच्या हातात उत्तर असते. नुसते "दुपारी दोन वाजता" असेल, तर उत्तर नसते आणि ती घरीच राहते. शेजारच्या वाडीवरून अभ्यासाला येणाऱ्या मुलीचेही तसेच. संपण्याची वेळ शेवटच्या एसटीच्या आधीची आहे की नाही, यावर तिच्या बापाचा होकार ठरतो. एका ओळीने माणसे येतात आणि त्याच ओळीच्या अभावी राहतात.

आता एक उदाहरण पाहा. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते:

"वाचनालयाच्या वतीने वाचन प्रेरणा दिनानिमित्त मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत भव्य कार्यक्रमाचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी."

यात शोभा आहे, पण माहिती कुठे आहे? कधी, कुठे, काय, काहीच नाही. हेच असे लिहिता येईल:

"गुरुवार, १५ ऑक्टोबर. रात्री साडेआठ ते साडेनऊ. शाळेचे अंगण. शेतीवरच्या चार नव्या पुस्तकांची ओळख आणि त्यांतले वाचन. घरातल्या सर्वांसाठी, फुकट. बसायला सतरंजी आहे. पुस्तके तिथेच घरी नेता येतील, वाचनालयाचे कार्ड सोबत आणा. चौकशी ग्रंथपालांकडे, संध्याकाळी पाच ते सात."

भव्य हा शब्द नाही, मान्यवर नाहीत, पण येणाऱ्याला जे हवे ते सारे आहे.

ही वेळ रात्री साडेआठची का धरली, तेही सांगतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती १५ ऑक्टोबरला असते. २०१५ पासून आपल्या राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. शाळेला आणि कचेरीला सकाळी अकराची वेळ सोयीची. पण हदगाव तालुक्यात ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनच्या काढणीचे दिवस. अकराला गावात असते कोण? म्हातारी माणसे आणि दुकानदार. शिवाय २०२६ साली ११ ऑक्टोबरला घटस्थापना आहे, म्हणजे पंधरा तारीख ऐन नवरात्रात येते. काही घरांतली माणसे माहूरला दर्शनाला गेलेली असतील, बायांचे उपास असतील, संध्याकाळी आरती असेल. म्हणून वेळ आरतीनंतरची. आणि जागा मंडपाची न धरता शाळेच्या अंगणाची, कारण मंडप गावातल्या प्रत्येक घराला आपला वाटतोच असे नाही, शाळा मात्र सर्वांची असते. पत्रक लिहिणाऱ्याने एवढा विचार करून कमिटीला सुचवायला हवे. नुसते सांगितले तेवढे उतरवून काढणे म्हणजे पत्रक करणे नव्हे.

याच कारणासाठी वहीच्या पहिल्या पानावर वर्षाचे एक कोष्टक आखून ठेवा. एका बाजूला वाचनालयाचे दिवस, दुसऱ्या बाजूला आपल्या शिवारातली कामे.

३ जानेवारी, सावित्रीबाई फुले जयंती. १४ ते २८ जानेवारी, मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. त्याच सुमारास संक्रांत येते आणि दुसऱ्या दिवशी तामशाला बारालिंगाची भाजी-भाकरीची पंगत असते. त्या दिवशी त्या बाजूच्या गावांत व्याख्यान ठेवले तर श्रोते पंगतीत आणि वक्ता रिकाम्या खोलीत. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. ८ मार्च, महिला दिन. याच दिवसांत ज्यांच्या घरी हळद आहे त्यांच्याकडे काढणी आणि शिजवणी चालते. महिला दिनाचा कार्यक्रम भर दुपारी ठेवला, तर ज्यांच्यासाठी ठेवला त्याच हळदीच्या ढिगाजवळ राहतील. ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आणि २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. एप्रिलच्या उन्हात सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. मे महिना मुलांच्या सुट्टीचा, पण लग्नसराईचाही, तेव्हा लग्नतिथी पाहून.

जूनमध्ये मृग लागला की वाचनालयाने कार्यक्रमाचा हट्टच धरू नये. त्या महिन्याच्या पत्रकात एवढेच लिहावे, की बियाणे, खते, कीड यांवरची कोणती पुस्तके वाचनालयात आहेत आणि ती केव्हा मिळतील. तेही बोलावणेच आहे. १ जुलैला वसंतराव नाईक यांच्या जयंतीचा कृषी दिन. १५ जुलै हा नरहर कुरुंदकरांचा जन्मदिवस. १९३२ साली जन्मलेल्या आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या या विचारवंताची आठवण नांदेड जिल्ह्यातल्या वाचनालयाने ठेवायलाच हवी. १ ऑगस्ट, अण्णा भाऊ साठे जयंती. १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १४ ते २० नोव्हेंबर, ग्रंथालय सप्ताह. तेव्हा कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी जोरात असते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावची यात्रा येते, तीही नोंदवून ठेवा.

एवढे दिवस दिले म्हणून सगळे पाळा असे नाही. वर्षात सहाच कार्यक्रम करा, पण नेमके करा. ज्या महिन्यात एकही कार्यक्रम नाही त्या महिन्यातही पत्रक काढा. नवी आलेली पुस्तके, वाचनालय उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचे दिवस, इतके तरी असतेच. खंड पडला की लोक भिंतीकडे पाहायचे सोडतात.

तारखेविषयी आणखी दोन गोष्टी. आपल्या घरात दोन पंचांगे चालतात. पगार, शाळा, बँक इंग्रजी तारखेवर आणि सण, उपास, यात्रा तिथीवर. म्हणून तारीख, वार आणि शक्य तिथे तिथी अशी तिन्ही लिहा. "पौर्णिमेला" एवढेच लिहिले, तर दोन दिवसांवर पसरलेल्या पौर्णिमेचा कोणता दिवस धरायचा? आणि तारीख-वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी जुळवून पाहा. तारीख १५ आणि वार बुधवार असे चुकून पडले, तर अर्धे लोक बुधवारी येतील आणि अर्धे तारखेला. चार-पाच कोस चालून आलेला माणूस कुलूप पाहून परत गेला, तर त्याची रोजंदारी बुडते आणि पुन्हा तो येत नाही. त्याच्या घरातलेही येत नाहीत. आठवडी बाजाराचा दिवसही जपा. बाजाराला आलेल्या आजूबाजूच्या माणसांसाठी पुस्तकांचे प्रदर्शन त्या दिवशी ठेवणे चांगले, पण दीड तासाचे व्याख्यान नको. आणि ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री असते, त्या आठवड्यात गडी माणसे मोटारीपाशी असतात, हे तुम्हा आम्हाला कुणी सांगायला नको.

पत्रक लिहावे कसे? एकाच पानावर, ठसठशीत अक्षरात, तारखेच्या क्रमाने. अध्यक्षांचे नाव पहिले की सरपंचांचे, हा वाद इथे आणू नका. वर पहिला येणारा दिवस, खाली त्याच्या नंतरचा. प्रत्येक कार्यक्रमाला चार-पाच ओळींहून जास्त जागा नको. लिहून झाले की घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचायला सांगा आणि आजीला ऐकवा. मग आजीला विचारा, "कधी जायचे? कुठे जायचे?" आजीला सांगता आले तर पत्रक साधले. नाही सांगता आले तर आजीची चूक नाही, वाक्य पुन्हा लिहा.

लावावे कुठे? वाचनालयाच्या दारावर तर लावाच, पण तिथे येणाऱ्यांना तसेही कळते. न येणाऱ्यांसाठी पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, कृषी सेवा केंद्र, अंगणवाडी, एसटी थांबा आणि देवळाचा पार ही खरी ठिकाणे. दहा झेरॉक्स प्रती पुरतात. गिरणीत दळणाची वाट पाहणारी बाई पाच मिनिटे उभी असते, तिच्या डोळ्यांसमोर पत्रक असावे. आज घरोघरी मोबाईल आहेत, तेव्हा पानाचा फोटो गावाच्या गटावर जरूर टाका. पण तेवढ्यावर विसंबू नका. मोबाईल बहुधा घरच्या पुरुषाच्या खिशात असतो, आणि शंभर निरोपांखाली आपला फोटो दडपून जातो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बचत गटाच्या बैठकीत एकदा मोठ्याने वाचून दाखवा. दवंडी किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा असेल तर आदल्या संध्याकाळी एक आठवण द्या.

बदल झाला तर? होणारच. पाऊस येतो, कुणाचे निधन होते, पाहुण्यांची गाडी बंद पडते. अशा वेळी नवे पत्रक लावून जुने तसेच ठेवू नका. जुन्याच पानावर त्या कार्यक्रमावर आडवी रेघ मारा आणि शेजारी लाल अक्षरात लिहा, "रद्द", किंवा नवी तारीख. दहाही ठिकाणी. हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच ते एका माणसाच्या अंगावर नेमून दिलेले असावे. गाव एक वेळ रद्द झालेला कार्यक्रम विसरते, पण फुकटचा हेलपाटा विसरत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन त्यांच्याच जन्मदिवसाचा. त्याच १९३१ साली तमिळ मुलुखात मन्नारगुडीजवळ बैलगाडीत पुस्तके भरून खेड्यापाड्यांत फिरणारे वाचनालय सुरू झाले, आणि त्या कामात रंगनाथन यांचा सहभाग होता. त्याही आधी, १९१० पासून, सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात मोफत वाचनालयांची चळवळ उभी केली आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. विचार करा, पुस्तकांची बैलगाडी गावात येणार, पण कोणत्या वारी येणार हे कुणाला ठाऊक नाही. मग गाडी येईल, पारावर उभी राहील आणि भरलेलीच परत जाईल. पुस्तके दारापर्यंत आणणे हे निम्मे काम, आणि दाराआतल्या माणसाला दिवस सांगणे हे उरलेले निम्मे.

महिना संपला की पत्रकाची एक प्रत फाइलीत लावा. प्रत्येक कार्यक्रमासमोर लिहा, किती बाया, किती पुरुष, किती मुले आली. खोटे आकडे लिहू नका, कारण ते फसवतात ते आपल्यालाच. वर्षाच्या शेवटी फाइल उघडलीत की कोणती वेळ गावाला मानवली आणि कोणती नाही, हे आपोआप दिसेल. वार्षिक अहवाल लिहिताना ग्रंथपालाला कपाळाला हात लावून आठवत बसावे लागणार नाही.

हे सारे करायला लागते काय? एक वही, दहा झेरॉक्सचे पैसे आणि महिन्यातून दोन संध्याकाळी. ग्रंथपालावर हे ओझे टाकू नका. तुमच्या घरात बारावी झालेला मुलगा असेल, अक्षर चांगले असलेली सून असेल, निवृत्त झालेले गुरुजी असतील, त्यांच्यापैकी एकाने उचलावे. येत्या रविवारी वाचनालयात जा आणि ग्रंथपालांना एवढेच विचारा, "पुढच्या महिन्यात काय आहे?" "काही नाही" असे उत्तर आले, तरी वही उघडा आणि पहिल्या ओळीत वाचनालय उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ लिहा. पहिले पत्रक तेवढ्यावरही निघते.